सड्यावरची रेंज

त्या संध्याकाळी हिरवा ठिपका आलाच नाही.

प्राप्ती उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला होती. रोज दिवस मावळायच्या सुमाराला तिच्या मोबाईलवर तो ठिपका यायचा. शेजारी वडिलांचं नाव, दत्तात्रेय शिगवण, आणि खाली त्यांच्या हृदयाचे ठोके. ठिपका आला की ती बॅग उचलायची, स्कूटर काढायची आणि ट्रेलरच्या रांगांतून वाट काढत उलव्याला घरी जायची. ती घरी पोचायच्या सुमाराला बहुतेक वेळा त्यांचा फोनही यायचा. "मी बरा हाय. तू पोचलीस का?" एवढंच विचारायचे आणि ठेवायचे.

आज तिने दोनदा मोबाईल बंद करून चालू केला. ऑफिसातली सगळी माणसं निघून गेली. तिने फोन लावला. ज्यांच्याशी आपण संपर्क करू इच्छिता ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. पुन्हा लावला. तेच.

वडील तळकोंडला एकटे राहत होते. म्हसळ्याहून हरिहरेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथून आत डोंगराच्या कुशीत हे गाव. तीन बाजूंनी डोंगर, वर कातळाचा सपाट सडा. आई, सगुणा, दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर गेल्या वर्षी भात कापायला यायच्या आधी वडील गोठ्यात चक्कर येऊन पडले. शेजारच्या रंगूआत्याने पाहिलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या. प्राप्ती आणि तिचा नवरा गणराज त्यांना उलव्याला घेऊन आले. पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून ते दिवसभर खालचा रस्ता बघत बसायचे. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी झालं. एके दिवशी म्हणाले, "भात उभं हाय शेतात. मला जाऊ दे."

त्यावर तोडगा म्हणून ते घड्याळ आलं. त्यात सिमकार्ड होतं. माणूस पडला तर ते आपोआप फोन लावणार होतं, ठोके मोजून मुलीला कळवणार होतं. पनवेलच्या दुकानातल्या पोराने नकाशा उघडला. तळकोंड गुलाबी रंगात बुडालेलं होतं. "इथे फुल रेंज आहे मॅडम," तो म्हणाला. घड्याळ आणि त्याला जोडलेला एक नवा फोन, दोन्ही मिळून दोन वर्षांचा करार. मध्येच सोडला तर दंड. प्राप्तीने सही केली, कारण तिला त्या दिवशी सही करण्याजोगं काहीतरी हवंच होतं.

दिवसा फोन कधी लागायचा नाही. वडील म्हणायचे, शेतात होतो, फोन घरी होता. पण संध्याकाळी ठिपका न चुकता यायचा, त्यामुळे तिने फार खोदून विचारलं नाही. तिला खुपत होतं ते दुसरंच. ठोके नेहमी जास्त असायचे. धावत आलेल्या माणसाचे असावेत तसे. शेवटी गेल्या पंधरवड्यात तिने ते सगळे आकडे नेऊन पनवेलच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि ठोके कमी करायची गोळी वाढवली. नवी गोळी तिने एसटीच्या कंडक्टरच्या हाती फाट्यापर्यंत पोचवली होती.

आणि आज ठिपका नव्हता.

तिने शिवदासला फोन लावला. शिवदास तळकोंडचाच, फाट्यावरून श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडे मिनीडोर रिक्षा चालवायचा. त्याचाही फोन क्षेत्राबाहेर. गणराजची त्या रात्री बंदरात ड्युटी होती. ती एकटीच या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली, आणि उजाडायला लागताच गाडी काढून निघाली. पेण, नागोठणे, कोलाड. माणगावला चहा घ्यायला थांबली आणि तो तसाच टाकून पुन्हा गाडीत बसली. म्हसळ्याच्या पुढे मोबाईलवरच्या दांड्या एकेक करून गळाल्या. तळकोंडच्या उतारावर तर नुसती फुलीची खूण उरली. इतक्या वेळा ती इथे आली होती, पण हे तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. घरी आली की माणसांत असायची, फोन पर्समध्ये पडून असायचा.

वडील ओटीवर खाटेवर बसले होते. हातात पेजेची वाटी. गुडघ्याला हळद लावलेली. रंगूआत्या खाली बसून त्यांना दटावत होती.

प्राप्ती उंबऱ्याशीच थांबली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण राग आला.

"काय झालं?"

"काय न्हाय. जरा पाय घसरला," वडील म्हणाले.

"पाय घसरला म्हणं," रंगूआत्या म्हणाली. "बाय, मी सांगते तुला. काल सांजच्याला गुरं आणाया मी सड्याच्या वाटंला गेले, तर ह्यो दगडाला टेकून बसलेला. डोळं मिटून. हाक मारली तरी ओ न्हाय. मी आणि शिवदासनं धरून आणला खाली."

"सड्याच्या वाटेवर कशाला गेला होतात?"

वडिलांनी वाटीत बघितलं.

"रोजच जातो की," रंगूआत्या म्हणाली. "वरीसभर जातोय. पावसातबी जायचा, डोक्यावर इरलं घेऊन. त्या घड्याळाला खाली कुठं काय मिळतंय? वर जावं लागतं त्याला दाखवाया."

प्राप्तीने मान वळवून वर डोंगराकडे पाहिलं. सड्याची चढण तिला ठाऊक होती. लहानपणी ती आणि बाकीची पोरं करवंदांना जायची तेव्हा अर्ध्यात दम खायला थांबायची. त्या चढणीने वडील रोज वर जात होते, धापा टाकत उभे राहत होते, आणि तेवढ्या धापांचे ठोके तिच्याकडे उरणला येत होते. त्या ठोक्यांवरून तिने गोळी वाढवून घेतली होती.

"बाबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"की इथे रेंज नाही. की हे घड्याळ इथे नुसतं वेळ बघायला आहे."

"तू एवढ्या हौशेनं आणलंस."

"हौस होती ती?"

त्यांनी निवलेली पेज खाली ठेवली. रंगूआत्या उठून पेज गरम करायला आत गेली.

दुपारी प्राप्ती घड्याळ आणि दोन्ही फोन घेऊन स्वतः सडा चढली. गवत वाळून पिवळं झालं होतं. वर पोचली तेव्हा तिचीही छाती धडधडत होती. एका उभ्या दगडापाशी आल्यावर फोन थरथरला, साठलेले मेसेज भसाभसा आत आले. पाच-सहा पावलं मागे सरली, सगळं गेलं. दगडाच्या बाजूची जमीन बसून बसून गुळगुळीत झाली होती. तिथे उभं राहूनच तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वाढवलेल्या गोळीनेच चक्कर आली असावी, गोळी आजपासून पहिल्यासारखी करा, चढण पूर्ण बंद, आणि आठ-पंधरा दिवसांत त्यांना दाखवायला आणा.

मग तिने कंपनीला फोन केला. बराच वेळ गाणं वाजलं. शेवटी सोनल नावाची एक मुलगी बोलायला आली. तिचा आवाज शांत होता.

"मॅडम, मुदतीच्या आधी बंद केलं तर दंड लागतो."

"घरात रेंजच नाही. तुमच्या नकाशात आहे म्हणून मी घेतलं."

"नोंदवलेल्या पत्त्यावर सेवा मिळत नसेल तर दंड माफ होतो, तशी अट आहे. पण..." कीबोर्डचा आवाज आला. "तुमचं घड्याळ रोज नेटवर्कवर येतंय, मॅडम. वर्षभर. फक्त काल सोडून."

"कारण माझे वडील ते घेऊन डोंगर चढतात."

पलीकडे कीबोर्ड थांबला.

"मी समजू शकते. पण सिस्टिमला तसं दिसत नाही. तिला दिसतं की त्या गावात सेवा मिळते."

प्राप्ती दगडावर बसली. वडिलांनी तिच्यासाठी केलेली प्रत्येक चढण कंपनीच्या बाजूने साक्ष देत होती.

सोनलने वाट सांगितली. तक्रार नोंदवायची. पुढचा आठवडाभर घड्याळ आणि फोन नोंदवलेल्या पत्त्यावरच ठेवायचे, कुठेही न्यायचे नाहीत. त्या काळात ते नेटवर्कवर आले नाहीत तर कंपनीचा माणूस घरी येऊन तपासेल. त्यालाही रेंज मिळाली नाही तर करार विनादंड संपेल. मध्ये एकदा जरी जोडणी झाली तर तक्रार रद्द.

खाली आल्यावर तिने वडिलांना हे सगळं सांगितलं. घड्याळ देवघराच्या खुंटीला टांगलं, फोन खाली ठेवला.

"आणि चढायचं नाही. घड्याळ घेऊन नाही आणि तसंही नाही."

"व्हय."

"नाहीतर माझ्याबरोबर चला आत्ता."

"वाल पेरायचे राहिलेत," ते म्हणाले. हे ते इतक्या घाईने म्हणाले की तिने विषय वाढवला नाही. शिवदासने कबूल केलं की तो रोज सकाळी फाट्यावर पोचून रेंज आली की तिला फोन करून खुशाली सांगेल.

पहिल्या सकाळी शिवदासचा फोन आला. "बरं हाय सगळं. पारावर बसल्यालं बघितलं." दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. प्राप्तीने ऑफिसात एका कंटेनरचा नंबर चुकवला, साहेबांची बोलणी खाल्ली, दुपारचा डबा तसाच परत आणला. ही शांतता आपणच मागून घेतली आहे, हे तिला कळत होतं. काही आलं नाही तरच आपण जिंकणार. पण काही न येणं म्हणजे काय, हे कोण सांगणार? घड्याळ खुंटीला असल्यामुळे गप्प आहे, की माणूसच गप्प झाला आहे? संध्याकाळी घरी ती स्वयंपाकघरातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून स्वयंपाकघरात फिरत राहिली.

"बस जरा," गणराज म्हणाला. "शिवदासला भाडं मिळालं असेल लांबचं."

"माहितीये मला."

"मग?"

"माहिती असून काय होतं?"

चौथ्या दिवशी शिवदासने दुपारी फोन केला, मिनीडोरचा टायर फुटल्याचं सांगितलं आणि ती खुशाली विचारेपर्यंत फोन कट झाला.

त्याच दिवशी संध्याकाळी यार्डातून निघताना तिच्या मोबाईलवर ठिपका उमटला. हिरवा.

क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की ती स्कूटरच्या सीटवर हात टेकून उभी राहिली. आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. तिने फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला. वाऱ्याचा आवाज येत होता.

"बाबा, तुम्ही वर गेलात."

"हळू हळू आलो. बसत बसत. धाप न्हाय लागली."

"तुम्हाला सांगितलं होतं मी. आता सगळं परत पहिल्यापासून. त्यांनी तक्रार रद्द केली असेल."

"होऊ दे."

"होऊ दे म्हणजे?"

तिला वाटलं रेंज गेली. पण वारा ऐकू येत होता.

"हे घड्याळ गेलं," वडील म्हणाले, "की तू मला न्यायला येशील. हे हाय म्हणून तू मला हितं ठेवलंयस. ते मोडलं की माझं हितं राहणं मोडलं."

बाजूने एक ट्रेलर गेला. प्राप्तीने एका कानावर हात ठेवला. ते खरं होतं. गेल्या चार दिवसांत गाडी काढून त्यांना उचलून आणायचं तिच्या मनात रोज येत होतं.

"म्हणून वर्षभर चढत होतात?"

"म्हणून पण. आणि तुझ्यासाठी पण."

"माझ्यासाठी कशाला?"

"तू त्या ट्रेलरच्या रस्त्यानं जातेस ना दुचाकी घेऊन. मी तिकडं होतो तेव्हा वरनं बघायचो तुला येताना. जीव नुसता टांगणीला. फोन लावला आणि तू पोचले म्हणालीस की मग खाली उतरायचो मी. तुला वाटतं तूच एकटी वाट बघतेस?"

ती रस्त्याच्या कडेला उभी राहून रडली. ये-जा करणारे यार्डातले लोक बघत होते.

"मी तुम्हाला न विचारता न्यायला येणार नाही," शेवटी ती म्हणाली. "शब्द देते. घड्याळ असो, नसो."

"आणि मी पडलो तर?"

"पडलात तर पडलात म्हणून येईन. पण आधीच पडलात असं समजून नाही येणार."

"बरं."

"आता लगेच खाली उतरा. उजेड आहे तोवर. आणि ते घड्याळ खुंटीला."

"खुंटीला कशाला? तांदळाच्या कणगीत घालतो. म्हंजे मलाबी दिसायला नको."

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन करून सोनललाच मागून घेतलं. घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ठोक्यांवरून गोळी वाढली ते, वडील पुन्हा वर गेले ते, आणि का गेले तेही. सोनलने ऐकून घेतलं.

"तक्रार रद्द झाली आहे, मॅडम," ती म्हणाली. "मी नवीन नोंदवते. आठवडा नव्याने धरावा लागेल, त्याला माझा इलाज नाही. पण माणूस कधी येणार ते मी आत्ताच ठरवून ठेवते, म्हणजे तुमचं पुढे लांबणार नाही." थोडं थांबून तिने विचारलं, "गोळीचं नीट झालं का?"

"झालं."

दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा सोपा गेला असं नाही. शिवदासचे फोन आले तसे चुकलेही. एके दिवशी प्राप्ती अर्ध्या रजेवर निघून पेणपर्यंत गेली आणि दिलेला शब्द आठवून तिथूनच परतली. घरी आल्यावर हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण ठिपका एकदाही आला नाही.

कंपनीचा माणूस आला त्या दिवशी ती रजा काढून तळकोंडला गेली. राहुल नाव त्याचं, पाठीला बॅग, बुटांवर लाल माती. त्याने ओटीवर, माजघरात, खळ्यात, विहिरीपाशी मोबाईल धरून पाहिला. प्रत्येक ठिकाणी फोटो काढला. फाट्यापासून चालत आल्यामुळे तो घामाघूम झाला होता. रंगूआत्याने त्याला चहा दिला.

"वर सड्यावर येते ना रेंज?" चहा पिता पिता त्याने सहज विचारलं.

प्राप्तीने वडिलांकडे पाहिलं. ते खांबाला टेकून बसले होते.

"येते," ते म्हणाले. "पण मी सड्यावर राहात न्हाय."

राहुल हसला. मग गंभीर झाला. "बरोबर आहे, काका. पत्ता घराचा आहे." त्याने टॅबवर काहीतरी भरलं आणि वडिलांचं बोट घेऊन सही करवली. ते पाठवायला मात्र त्याला फाट्यापर्यंत जावं लागणार होतं. प्राप्तीने त्याला गाडीतून सोडलं.

दोन दिवसांनी मेसेज आला. करार संपला आहे, कोणतंही शुल्क लागू नाही. घड्याळ आणि फोन पनवेलच्या दुकानात परत करावेत. ती दुकानात गेली तेव्हा तोच पोरगा दुसऱ्या कुणाला नकाशा दाखवत होता. तिने घड्याळ काउंटरवर ठेवलं. पट्ट्याच्या भोकांत कणगीतला तांदळाचा कोंडा अडकला होता.

त्यानंतर वडिलांनी आपला जुना बटणांचा फोन पुन्हा काढला. फाट्यावर काही कामाला गेले की त्यावरून लावायचे. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासून ठोके ठीक असल्याचं सांगितलं. प्राप्ती दर दुसऱ्या शनिवारी जायची. मधल्या दिवसांत शिवदास आठवला तर कळवायचा. तिची तगमग गेली नाही. काही संध्याकाळी ती कपडे वाळत घालता घालता मध्येच थांबायची आणि हातातला कपडा तसाच पिळत राहायची. पण गाडीची किल्ली तिने उचलली नाही.

माघाच्या सुरुवातीला तिचा मोबाईल यार्डात पाण्याच्या ड्रममध्ये पडला. दुरुस्तीला दिला. दुकानदार उद्या-परवा म्हणत राहिला, आणि कामाच्या गडबडीत तिनेही तसंच चालवलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती आणि गणराज चहा घेत असताना दारावरची बेल वाजली. दारात वडील उभे होते. धोतर चुरगळलेलं, डोळे लाल, हातात एक पिशवी.

"बाबा? काय झालं?"

त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. दोन्ही हात पाहिले. मग चपला काढून आत आले आणि सोफ्यावर बसले.

"शिवदास तीन दिस फोन लावतोय तुला," ते म्हणाले. "बंद. बंद. बंद. काल म्या स्वतः फाट्यावर जाऊन लावला. बंद."

"मोबाईल दुरुस्तीला दिलाय, बाबा. पाण्यात पडला."

"जावयाचा नंबर त्या घड्याळाच्या फोनात राहिला."

गणराजने पाण्याचा तांब्या आणून दिला. वडिलांनी तो एका दमात संपवला. एसटीने ते रात्रभर बसत-उतरत आले होते, माणगावच्या स्टँडवर थंडीत बसून राहिले होते.

"एवढ्यासाठी?" प्राप्ती म्हणाली.

"एवढ्यासाठी म्हंजे?" वडील म्हणाले. "तू न्हाय आलीस मागं धावत? मी तर पेज पीत बसलो होतो."

ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. खाली रस्त्यावर ट्रेलर चालू झाले होते.

"माझा नंबर कागदावर लिहून देतो, बाबा," गणराज म्हणाला. "आणि नाश्त्याला काय करू?"

"पोहे कर," प्राप्तीने सांगितलं. "आणि मला ऑफिसला उशीर होणार म्हणून कळव."

वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "परतीची गाडी कधी हाय पनवेलवरनं? गुरं रंगूकडं टाकून आलोय."

"आजच जाणार?"

त्यांनी पुन्हा एकदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"उद्या जातो," ते म्हणाले, आणि पाय वर घेऊन बसले.